हो, पहिल्यांदाच

खोटं बोलायची काही गरज नव्हती. विचारणारा माणूस इमिग्रेशनचा अधिकारी नव्हता. सत्तरी उलटलेला, लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेला, थंडीने नाकाचा शेंडा लाल झालेला एक म्हातारा होता. पक्षी बघायच्या तिपाईवरच्या स्कोपला डोळा लावून उभा होता आणि मान न वळवताच त्याने विचारलं, "तुमचाही हा पहिलाच ना?" मी म्हणाले, "हो, पहिल्यांदाच बघतेय." त्याने खूश होऊन माझा हात धरून हलवला. त्याचा हातमोजा ओला होता. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली, पण तो ओला हातमोजा आणि ते 'हो' अजून भातातल्या खड्यासारखं अधूनमधून दाताखाली येतं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. मी ओहायोतल्या टोलेडोच्या देशी दुकानातून महिन्याचा बाजार करून बोलिंग ग्रीनच्या बाजूला, घरी निघाले होते. मागच्या सीटवर कढीपत्ता, मेथीच्या चार जुड्या, गोठवलेले पराठे, खवलेल्या नारळाची पाकिटं. रात्रभर पाऊस पडून गेलेला. अशा दिवशी मी मोठा रस्ता सोडते आणि शेतांमधून जाते. इकडचे शेतरस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, मैलामैलावर एकमेकांना काटकोनात छेदणारे. ना वळण, ना चढ, ना वाटेत एखादा वड. गेल्या हंगामातल्या मक्याची धसकटं तशीच होती, मधूनमधून पाण्याची डबकी साचली होती, आणि कुठेतरी शेणखताचं पाणी फवारलेलं असावं, कारण काचा बंद असूनही वास आत येत होता आणि मेथीच्या वासात मिसळत होता. वाफसा यायला अजून आठवडा तरी होता, त्यामुळे ट्रॅक्टर नव्हते. माणसंही नव्हती. एका शेतात, रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, हजारभर कुरव, म्हणजे सीगल, तेवढे उतरले होते.

पावसाने गांडुळं वर आली की कुरव शेतात येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि म्हणूनच कोणी त्यांच्याकडे बघत नाही. हजारातले साडेनऊशे एकाच जातीचे. पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळी पट्टी, वेसण घातल्यासारखी. इंग्रजी नाव रिंग-बिल्ड गल. मी आपलं त्यांना 'कडीवाले' म्हणते. हे कडीवाले सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये फ्राइजवर जगतात, त्यामुळे लोकांना त्यांची किंमत कावळ्याइतकीसुद्धा नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायकांच्या टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी आणि अंड्यांसाठी मारून मारून हेच कडीवाले इथल्या मोठ्या सरोवरांवरून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा आला, पिसांच्या टोप्यांची हौसही ओसरली, आणि मग दशकादशकाने ते परतले. आज पार्किंगमध्ये पायात येतात म्हणून शिव्या खातात. एखादा पक्षी शिव्या खाण्याइतका वाढला, की तो जगला असं समजावं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, काच खाली केली आणि दुर्बीण लावली. हे करायचं खरं कारण सांगणं कठीण आहे. नवरा म्हणतो, तू तांदूळ निवडायला बसलीस की उठत नाहीस, तशीच कुरव निवडायला बसतेस. खरं आहे ते. काम तेच. एका टोकापासून सुरुवात करायची आणि एकेक दाणा बघत पुढे जायचं. कडीवाला, कडीवाला, कडीवाला, हा मोठा गुलाबी पायांचा हेरिंग गल, पुन्हा कडीवाला. मध्येच बोनापार्ट गलची एक छोटीशी टोळी, नाजूक काळ्या चोचींची. नाव नेपोलियनच्या पुतण्यावरून. हा पुतण्या लढाया सोडून पक्ष्यांची वर्गवारी करत बसला. बोनापार्टची डोकी नुकतीच काळी व्हायला लागली होती. आणि त्यांच्या शेजारी, थोडासा थोराड, एक वेगळा उभा होता. डोकं काळं नव्हतं, चॉकलेटी होतं. कॉफीत टोपी बुडवून काढावी तसं. डोळ्याभोवती पांढरी तुटकी कड. आणि चोच लाल. गडद, ओल्या कोकमासारखी लाल.

मी दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.

तो काळ्या डोक्याचा कुरव होता. नावात काळं आणि डोक्यावर चॉकलेटी, पण त्याला तो बिचारा काय करणार. बोनापार्ट नाही याची खात्री करायला तो उडायला हवा होता. दहा-बारा मिनिटांनी दूरवर एक पिकअप ट्रक गेला आणि सगळं शेत एकदम उठलं, पांढऱ्या चादरीचा कोपरा धरून कोणी झटकावी तसं. त्या गोंधळात मला तो सापडला. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा लांबट त्रिकोण, आणि खालून बघितलं तर बाहेरची पिसं धुरकट काळी. बोनापार्टचा पंख खालून स्वच्छ असतो. संपलं. दुसरं काही असणं शक्य नव्हतं. ओहायोत हा पक्षी क्वचित कधीतरी, तोही बहुतेक ईरी सरोवराच्या काठाला. मक्याच्या धसकटात, बोनापार्टांच्या पंगतीत बसलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. मी ईबर्डवर, पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर, नोंद केली. संख्या टाकायच्या रकान्यात १ लिहिलं, आणि लगेच लाल खूण उमटली: दुर्मिळ, कृपया वर्णन द्या. थरथरत्या बोटांनी मी वर्णन लिहिलं. चोच लाल, पाय लाल, पंखाखाली काळसर.

पाऊण तासात पहिली गाडी आली. मग चार, मग नऊ. कडेला रांग लागली. एरवी या रस्त्यावर दिवसाला नऊ गाड्या जात नसतील. कोणी स्कोप काढला, कोणी थर्मासमधली कॉफी मला दिली, एक मुलगी टाचा उंचावून नुसतीच "कुठे, कुठे, कुठे" करत होती. शेताचा मालक चारचाकी खटाऱ्यावरून आला, त्याला वाटलं अपघात झालाय. पक्षी म्हटल्यावर त्याने स्कोपमधून एक डोळा मिटून बघितलं, "सीगल आहे," म्हणाला, आणि वर, "दरवर्षी येतात." तो म्हातारा सर्वांत शेवटी आला. त्याने मला सांगितलं की १९७५ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या न्यूबरीपोर्टला रॉस गल आला होता, आर्क्टिकचा गुलाबी झाक असलेला, आणि तो रात्रभर गाडी चालवून बघायला गेला होता. त्यानंतर या तोडीचं काही बघायला मिळालं नाही, आणि हा लाल चोचीचा तर दर वेळी हुकत आला. कधी आदल्या दिवशी उडून गेलेला, कधी धुकं, कधी बायकोचं ऑपरेशन. हे सांगताना त्याचा डोळा स्कोपवरून हलला नव्हता, आणि त्याच दमात त्याने विचारलं, तुमचाही पहिलाच ना.

आता मी त्याला काय सांगणार होते?

हे सांगणार होते का, की मी सात वर्षांची असताना यांच्या तोंडावर शेव फेकली आहे? भाऊच्या धक्क्याहून रेवसची लाँच सुटायची. डिझेलचा धूर, सुक्या बोंबलाच्या टोपल्या, फळ्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं आणि त्यांच्या पायांत कोंबड्या. दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला आजीकडे जायचो. धक्का मागे पडला की मागच्या बाजूला पांढरे पक्षी जमायला लागायचे. आधी दोन-चार, मग पन्नास, मग मोजायचं कारणच नाही. बाबा खिशातून शेवेची पुडी काढायचे. आई म्हणायची, अन्न टाकू नये. बाबा म्हणायचे, टाकत नाही, वाढतोय. पक्षी हवेतच शेव झेलायचे आणि आम्ही किंचाळायचो. बाबा त्यांना बगळे म्हणायचे. बगळे नाहीत हे त्यांनाही माहीत असणार, पण पांढरा आणि पाण्यावरचा म्हणजे बगळा, यापुढे जायची गरज त्यांना कधी वाटली नाही. मलाही नाही. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. शेवेची तेलकट पुडी आठवते, बाबांच्या बोटांना लागलेली हळद आठवते, रेवस आल्यावर कपड्यांना बसलेला मीठ-डिझेलचा वास आठवतो. पक्षी म्हणजे नुसता पांढरा गोंगाट.

कुरव हा शब्द मला पन्नाशीकडे झुकताना मिळाला. मुंबईत आम्ही सगळे सीगलच म्हणायचो, किंवा काहीच म्हणायचो नाही. शब्द मिळाला त्या वर्षी मी भिगवणला गेले होते, कुंभारगावच्या नावाड्याबरोबर, सगळे जातात तशी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. रोहित दिसले, फोटो काढून झाले. परत येताना नावेमागे पांढरे पक्षी लागले तेव्हा नावाडी म्हणाला, हे कुरव, पाहुणे. समुद्रापासून इतक्या आत, देशावर, कसे काय, असं मी विचारलं. त्याने पाण्याकडे हात केला. म्हणाला, खाली शेतं आहेत आमची. उजनी १९८० साली पुरी झाली, आणि जिथे ज्वारी पिकत होती तिथे भीमेचं पाणी चढलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठची जमीन उघडी पडते, तेवढ्यात गाळपेर करून घेतात. शेतात पाणी आलं आणि पाण्यामागे कुरव आले. तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, कौतुकाच्याही नाही.

ओहायोत नेमकं उलटं झालेलं आहे, आणि हे मला त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या सुचलं. मी उभी होते तो सगळा भाग एकेकाळी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प होता. हिमयुगानंतरच्या सरोवराचा तळ, त्यावर दलदल आणि एल्म-ओकचं जंगल, घोड्याच्या पोटापर्यंत चिखल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणले, जमिनीच्या पोटात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि सगळं पाणी काढून लावलं. म्हणून ही जमीन परातीसारखी सपाट, म्हणून हे रस्ते सरळ. भिगवणला शेताचं पाणी झालं, इथे पाण्याचं शेत. जोराचा पाऊस झाला की नळ्यांना पाणी आवरत नाही, आणि एक-दोन दिवस शेताला आपण कोण होतो ते आठवतं. कुरव नेमके तेव्हा उतरतात.

घरी गेल्यावर पराठे वितळून एकमेकांना चिकटलेले होते. मी ते वेगळे करत लेकीला सगळं सांगितलं. ती मोबाइलवरचा धूसर फोटो बघून म्हणाली, "आई, हा तर तूच आहेस! हजार गोऱ्यांमध्ये एक ब्राउन डोक्याची." ती हसली, नवराही हसला. मी हसले नाही. मला हे असलं काही आवडत नाही. प्रत्येक पक्ष्याला धरून त्याच्या गळ्यात आपली पाटी का अडकवायची? तो वाऱ्याने भरकटला, मी फॉर्म भरून आले. वकिलाला पैसे मोजून आले. आणि माझ्यासाठी रस्त्याच्या कडेला नऊ गाड्या कोणी कधी लावल्या नाहीत. रागावून बोलले मी जरा. पण ती झोपायला गेल्यावर मनात आलं, की तिचं निम्मं बरोबर असावं आणि म्हणूनच झोंबलं. तो आपल्याकडचा आहे, ही ओळख मीच तर आधी लावून घेतली होती. लाल चोच दिसल्याबरोबर माझ्या छातीत जे हललं ते दुर्मिळ पक्षी दिसल्याचं नव्हतं. गावाकडचं माणूस परक्या स्टेशनात दिसावं, तसं होतं ते.

आणि तेही खोटंच. नंतर वाचत बसले तेव्हा कळलं. या जातीच्या कुरवांनी आइसलँडमध्ये पहिलं घरटं केलं ते १९११ मध्ये. तिथून सरकत सरकत १९७७ साली न्यूफाउंडलंडात. अमेरिकेत येणारे बहुतेक त्या बाजूचे, अटलांटिकवरचे. रेवसच्या लाँचमागे येणारे आशियाच्या उत्तरेकडून उतरतात. माझा ओहायोवाला आणि बाबांचे शेव खाणारे यांची चुलत-चुलत ओळखही निघायची नाही. शिवाय बाबांच्या पक्ष्यांतले बरेचसे या जातीचे नसणारच. मुंबईच्या खाडीत दोन जुळ्यांसारखे कुरव असतात, हा आणि तपकिरी डोक्याचा, आणि तो दुसरा लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या तळ्यांवर वीण करून खाली येतो. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी, कानामागे एक काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. चॉकलेटी टोपी चढते ती वसंतात, आणि पूर्ण चढेस्तोवर बहुतेकांनी मुंबई सोडलेली असते. म्हणजे टोपीवाला, लग्नाच्या पोशाखातला हा पक्षी मी खरंच पहिल्यांदा बघत होते. म्हाताऱ्याला दिलेलं उत्तर काटेकोरपणे तपासलं तर खोटं ठरत नाही.

पण मी तेव्हा हे काटेकोरपणे बोलले नव्हते. तेव्हा मला त्याच्या आनंदावर पाणी ओतायचं नव्हतं, एवढं एक. आणि दुसरं, जरा कमी चांगलं, कारण असं, की मला लाज वाटली. ज्याच्यासाठी हा माणूस इतकी वर्षं धुक्यात उभा राहिला, तो माझ्या लहानपणी पोत्याने होता आणि मी बघितला नाही. श्रीमंताघरच्या पोराने उपाशी माणसासमोर, आमच्याकडे हे वाया जायचं, असं म्हणावं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी परत त्या शेतावर गेले. डबकी आटायला लागली होती. सहा गाड्या होत्या, म्हातारा नव्हता. दोनेकशे कडीवाले, एकही बोनापार्ट नाही. लाल चोच नाही. आम्ही अकरापर्यंत थांबलो. रात्रीत निघून गेला असणार, दक्षिणेचा वारा होता. एक तरुण तीन तास गाडी चालवून आला होता, तो काही न बोलता स्कोपची तिपाई घडी करत होता, एकेक पाय, सावकाश. मी त्याला कालचा फोटो दाखवला नाही.

गेल्या डिसेंबरात मुंबईला गेले होते. काम काही नव्हतं, तरी गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली. वरच्या डेकवर, मागच्या कठड्याशी जागा मिळाली. लाँच वळली तशी मागे पांढरी झुंबड उडाली, अगदी तीच, फक्त आता मला ती एक दिसत नव्हती. फिकट डोळा, जाड चोच, पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा ठिपका: तपकिरीवाला. काळा डोळा, सडपातळ, पंखाला पांढरी कड: हा. तपकिरी, तपकिरी, हा, तपकिरी, हा, हा. एका बाजूचे मोजेस्तोवर दुसऱ्या बाजूचे जागा बदलायचे. शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा गाठियाचं पाकीट घेऊन उभा होता. बराच वेळ माझे हलणारे ओठ बघून त्याने विचारलं, "काकू, काय मोजताय?"

"कुरव."

"ते सीगल आहेत," त्याने मला समजावलं, आणि पाकीट पुढे केलं.

गाठिया पक्ष्यांना बरा नाही. बेसन, सोडा, मीठ, तळण. हे मी इतरांना सांगत असते, आणि ते बरोबरच आहे. मी एक काडी घेतली आणि हात बाहेर धरला. एक आला, वाऱ्यावर क्षणभर माझ्या बोटांपाशी टांगल्यासारखा थांबला. कानामागे तीट, चोच लाल, टोकाला काळी. काडी गेली तेव्हा चोच बोटाला लागली. गार होती. तो मुलगा किंचाळला, बाबा बघा, बाबा बघा, आणि त्याचे बाबा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाले, हो रे, बघितलं.

मांडव्याला उतरून मी जेट्टीवरच्या टपरीवर चहा घेतला आणि फोन काढला. तपकिरी डोक्याचा कुरव, १६०. काळ्या डोक्याचा कुरव, ८५. ईबर्डने काही विचारलं नाही. लाल खूण नाही, वर्णनाची मागणी नाही. चहा गार होत होता. मी तो रिकामा रकाना उघडला आणि लिहिलं: डोळा काळा, चोच लाल, पाय लाल, पंखाखाली काळसर, कानामागे एक ठिपका.